शाळा किती कोसांवर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कुठून करायची? पहिली शाळा कोणती, पहिले मास्तर कोण, पहिला मॅट्रिक कोण, ही उत्तरं जमवत बसलं तर एक यादी हाती येईल. मला त्याहून जुना आणि साधा प्रश्न घ्यावासा वाटतो. पोर सहा वर्षांचं झालं की खेड्यातली आई आजही तोच विचारते. शाळा किती लांब आहे? गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे शिक्षणाचं जे काही झालं, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मोजता येतं.

जिल्ह्याचा नकाशा जरा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. मधोमध डोंगराचा उंचवटा, आणि त्यावर वसलेलं यवतमाळ. जुन्या कागदांत या परगण्याचं नाव योत-लोहारा असं येतं. वणीकडे आणि दारव्ह्याकडे काळी कसदार जमीन, तर केळापूर-पांढरकवड्याकडे आणि पुसदच्या बाजूला रान, टेकड्या, नाले. सपाटीवर गावं, माळावर बंजाऱ्यांचे तांडे, जंगलाच्या कडेला कोलामांचे पोड आणि गोंडांच्या वस्त्या. एका वस्तीपासून दुसरी वस्ती लांब, आणि पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला की ती आणखी लांब.

सरकारी शाळा येण्यापूर्वी इथे शिक्षण नव्हतं असं कोणी समजू नये. मोठ्या गावांत पंतोजींच्या गावठी शाळा होत्या. मारुतीच्या देवळात, चावडीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोरं बसायची. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, मग मोडी वळणाचे कित्ते, आणि सगळ्यात महत्त्वाचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनाचा पाढा तोंडपाठ असलेला पोरगा बाजारात फसत नसे. पंतोजींना पगार नव्हता. धान्य, शिधा, सणावाराची पोसत, यावर त्यांचं घर चाले. शाळा चांगली होती की वाईट, हा वेगळा विषय. पण ती ज्यांच्या ओसरीवर भरायची त्यांच्याच पोरांसाठी होती. कुणब्याच्या पोराला तिथे फारसं काम नव्हतं, महाराच्या पोराला जागा नव्हती, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. अंतर फक्त कोसांत मोजायचं नसतं. देवळाच्या पायरीपाशी थांबावं लागणाऱ्या पोराला ती शाळा दहा पावलांवर असूनही लांबच होती.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. कारण शिक्षणाचं नव्हतं. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचा खर्च थकला होता आणि तो वऱ्हाडच्या महसुलातून भागवायचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची पन्नास वर्षं वऱ्हाडच्या तिजोरीवर पहिला हक्क फौजेचा होता. शाळांच्या वाट्याला काय येणार, हे त्यावरून ठरत होतं. आपला भाग तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. नाव वणीचं, पण मुख्य कचेरी यवतमाळला. १९०५ साली वऱ्हाडची फेररचना झाली, पुसद तालुका आपल्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं.

१८६० च्या दशकात चित्र भराभर बदललं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. आपल्यासाठी जवळचं स्टेशन धामणगाव, यवतमाळहून सुमारे ४५ किलोमीटर. बैलगाड्यांच्या रांगा त्या रस्त्याला लागल्या. जमिनीची पाहणी सुरू झाली, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, प्रत्येक शेताला नंबर पडला. एवढं सगळं लिहायचं कोणी? तलाठ्याचं दप्तर, तहसिलीतले कारकून, कोर्टातले नाझर, टपाल, पोलीस, सगळीकडे लिहिणारा माणूस हवा होता. त्याच सुमारास, १८६६ साली, वऱ्हाडचं स्वतंत्र शिक्षण खातं उभं राहिलं. आपल्याकडच्या पहिल्या सरकारी मराठी शाळा या काळातल्या. पोरगा शहाणा व्हावा हा हेतू कुणाच्या मनात नव्हता असं नाही. पण शाळा कुठे निघाल्या हे पाहिलं की दुसरा हेतू दिसतो. जिथे कचेरी, जिथे बाजार, जिथे ठाणं, तिथे आधी शाळा. यवतमाळ, वणी, दारव्हा अशी ठिकाणं पुढे, आणि रानातली खेडी मागे.

आणि या शाळांचा पैसा कुठून येई? जमीनमहसुलाबरोबर शिक्षणाचा उपकर घेतला जाई. म्हणजे शाळेसाठी पैसे देणारा कोण, तर शेतसारा भरणारा कुणबी. ज्याच्या गावात शाळा आहे तोही देई आणि ज्याच्या गावापासून ती सहा कोसांवर आहे तोही देई. वर्षातून एकदा दिपोटी साहेब तपासणीला यायचे. पोरं नवी टोपी घालून बसायची. हजेरीपट फुगवलेला असे आणि साहेब गेले की पुन्हा निम्मी पोरं गुरांमागे. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की उरलेलीही शेतात. मास्तर त्यांना नावं ठेवायचे. पण वेचणीला पोरगं नेलं नाही तर घरात दाणे येणार नाहीत, हा हिशेब त्या आईबापांना औटकीसारखा पाठ होता.

इथे जरा लांब जाऊन येऊ. त्याच शतकात अमेरिकेत गवताळ मैदानांवर नवी गावं वसत होती. तिथेही आधी मोजणीदार साखळी घेऊन आले. पण तिथे १७८५ सालचा एक कायदा होता. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी जमीन मोजायची, तिचे ३६ चौकोन पाडायचे आणि त्यातला १६ वा चौकोन शाळेसाठी राखून ठेवायचा. वस्ती होण्याआधीच शाळेच्या खर्चाची सोय. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी लोकांकडून घेतलेली होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती नंतर स्वस्तात विकली गेली, हेही सांगायला हवं. तरीही एक विचार त्यात होता. शाळा ही गावाच्या पायाभरणीतली गोष्ट आहे, गाव श्रीमंत झाल्यावर आणायची चीज नाही. आपल्याकडे पाहणी झाली ती महसुलासाठी. कोणत्या शेतातून किती सारा निघेल हे त्या पाहणीने बारकाईने ठरवलं. पोरं कुठे शिकतील हा प्रश्न त्या साखळीने मोजलाच नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात एका माणसाने स्पष्ट विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांचं म्हणणं होतं. खेड्यातल्या पोरांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकऱ्यांतून तयार करा, असं त्यांनी मागितलं. हंटर आयोगाने हैदराबादने इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या जिल्ह्यांचाही, म्हणजे आपल्या वऱ्हाडाचाही विचार केला होता. फुल्यांनी निवेदन पुण्यातून दिलं, पण शिक्षणाचा उपकर भरणाऱ्या वणी-केळापूरच्या कुणब्याचं गाऱ्हाणं त्यात जसंच्या तसं होतं. सरकारने ऐकून घेतलं. सक्ती मात्र आली नाही.

दुसरं अंतर भाषेचं. आपला जिल्हा मराठी खरा, पण तांड्यावर गोरबोली, पोडावर कोलामी, गोंड वस्तीत गोंडी, पैनगंगेच्या काठाला तेलुगू. सरकारी शाळा मराठी. मुसलमान वस्ती मोठी असेल तिथे उर्दू. कोलामाचं पोरगं शाळेत आलं तर मास्तर काय म्हणतात हे कळायलाच त्याला दीड-दोन वर्षं लागत, आणि तेवढ्यात ते शाळा सोडून गेलेलं असे. पैनगंगेपलीकडची गोष्ट आणखी कठीण होती. तिकडे निजामाचं राज्य. १८८० च्या दशकात तिथला कारभार फारसीतून उर्दूत आला, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. एकाच नदीचं पाणी पिणारी, एकाच बोलीत बोलणारी माणसं. अलीकडचा पोरगा मराठीतून अर्ज लिहायला शिकला, पलीकडच्याला त्यासाठी दुसऱ्या भाषेतला मुन्शी शोधावा लागला. राज्य कोणाचं, याने शाळेची भाषा ठरते आणि त्यावरून कोण कारकून होणार आणि कोण गडी राहणार हे ठरतं.

चौथी झाली, सहावी झाली. पुढे काय? एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातली सरकारी हायस्कुलं अमरावती आणि अकोल्याला. यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर, आणि वणीच्या पोराला आधी यवतमाळच १०० किलोमीटरच्या पुढे. बैलगाडी, मग रेल्वे, मग कुणाच्या तरी घरी राहून वार लावून जेवायचं. ज्यांची सोयरीक अमरावतीत, नागपुरात होती त्यांनाच ते जमे. लोकनायक बापूजी अणे वणीचे, जन्म १८८० सालचा. बी. ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले, काही वर्षं अमरावतीच्या एका खासगी हायस्कुलात शिक्षक होते आणि मग यवतमाळला वकिली थाटली. आपल्या जिल्ह्याच्या त्या पिढीतला शिकलेला माणूस असा जिल्ह्याबाहेर जाऊन घडला.

पण बंगालच्या फाळणीनंतर जे वारं सुटलं, त्यात थोडा काळ का होईना, उलटा प्रवाह वाहिला. बाहेरचे विद्यार्थी यवतमाळला येऊ लागले. सरकारी शाळांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली तेव्हा ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा निघाल्या. त्यातली एक यवतमाळला होती. तपस्वी बाबासाहेब परांजपे ती चालवत. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून 'वंदे मातरम्'च्या प्रकरणात काढून टाकलेले केशव बळीराम हेडगेवार याच शाळेत शिकायला आले. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक म्हणून ते ओळखले गेले, पण तेव्हा ते शाळा हरवलेले एक विद्यार्थी होते. ही शाळा फार टिकली नाही. १९०९ साली सरकारच्या दडपणाखाली ती बंद पडली. तळेगावच्या समर्थ विद्यालयाची गत पुढच्याच वर्षी तीच झाली. दहा हजार वस्तीच्या, रेल्वेपासून दूर असलेल्या गावाने सरकारी अनुदानाशिवाय शाळा उभी केली, हे मोठंच होतं. तिच्यातून एक धडाही मिळाला. वर्गणीवर चालणारी शाळा उत्साहावर उभी असते. उत्साह संपला किंवा पोलीस आले की ती जाते. खेड्यातल्या पोराला रोज उघडणारी शाळा हवी असते.

रोज उघडणारी शाळा म्हणजे सार्वजनिक पैशाची शाळा. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली तसंच विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात मांडलं आणि सरकारी बहुमताने ते पुढच्या वर्षी पाडलं. मध्य प्रांत-वऱ्हाडात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली आला खरा, पण सक्ती करायची की नाही हे नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर सोडलं. सक्ती करायची तर शाळा हवी, मास्तर हवा, पगार हवा. बोर्डाकडे पैसा नव्हता. कायदा पुस्तकात राहिला आणि पोरं वेचणीला गेली.

१९३७ साली पहिलं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि शेजारच्या वर्ध्यात नवं काही शिजू लागलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद भरली; हस्तउद्योगातून शिकवायची नई तालीम तिथून निघाली. पंडित रविशंकर शुक्लांनी आपल्या प्रांतासाठी विद्यामंदिर योजना काढली. शाळा नसलेल्या खेड्यात कोणीतरी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून मास्तरांचा पगार आणि शाळेचा खर्च चालवायचा. अमेरिकेतल्या त्या सोळाव्या चौकोनाची आठवण व्हावी अशी ही कल्पना. तिच्यातही अडचणी निघाल्या. 'मंदिर' या नावाला मुस्लिम समाजातून आक्षेप आला, एका शेताच्या पिकावर पगार म्हणजे दुष्काळात मास्तर उपाशी, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. पण शाळेने पोराकडे जायचं असतं, हा विचार सरकारच्या तोंडी आला होता.

आता पुसद तालुक्यातल्या एका पोराची गोष्ट. गहुली नावाचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथे फुलसिंग नाईकांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी मुलगा झाला. त्याची प्राथमिक शाळा एका गावात झाली नाही. उमरी, भोजला, बान्सी अशी गावं बदलत तो शिकला, मग हायस्कूलसाठी अमरावती-नागपूर, मॉरिस कॉलेज, वकिली. हेच वसंतराव नाईक. महाराष्ट्राचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री आणि हरितक्रांतीचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं एक काम त्याआधीचं आहे. १९६० साली राज्य स्थापन झालं तेव्हा लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव होते. १९६१ साली तिचा अहवाल आला, त्यावर कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावाला शाळा हवी तर अर्ज नागपूरला आणि मुंबईला पाठवायचा नाही; आपल्याच जिल्ह्यात, आपणच निवडून दिलेल्या माणसाला गाठायचं. शाळेसाठी गावोगाव हिंडलेला पोरगा त्या समितीचा अध्यक्ष होता, हा निव्वळ योगायोग असेल. मला मात्र तसं वाटत नाही.

त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत जे घडलं ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं आहे. एकशिक्षकी शाळा निघाल्या. समाजमंदिरात, भाड्याच्या खोलीत, टिनाच्या शेडखाली, पण निघाल्या. एकच गुरुजी चारही वर्ग सांभाळायचे. पहिलीला पाटीवर अक्षर, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन आणि चौथीतल्या हुशार पोरीकडे पहिलीची जबाबदारी. १९७२-७३ पासून आदिवासी भागात सरकारी आश्रमशाळा निघाल्या. पांढरकवडा आणि पुसद भागातल्या अनेक पोरांनी तिथे राहून शिक्षण घेतलं. त्यांची दुसरी बाजूही आहे. सहा-सात वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणं, ही अंतराचा प्रश्न सोडवण्याची सोपी रीत नव्हे. पण पोडावर शाळाच नाही तिथे तेवढाच आधार होता.

फायदा कोणाला सर्वाधिक झाला? मुलींना. मुलगा दोन कोस चालत जाईल, मित्राच्या सायकलवर बसेल, नातेवाइकाकडे राहील. मुलीचं शिक्षण गावाच्या शिवेवर थांबतं. गावात चौथीपर्यंत शाळा तर मुलगी चौथी शिकली. सातवीपर्यंत झाली तर सातवी शिकली. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची साक्षरता ८० टक्क्यांच्या पुढे गेलेली दिसते. तरी स्त्रिया आणि पुरुष यांच्यातली तफावत तेव्हाही १० टक्क्यांहून जास्त होती. त्या तफावतीत रस्त्याचा, नाल्याचा, एसटीच्या वेळेचा हिस्सा मोठा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी हे अंतर कागदावर आणलं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. १८६६ पासून चाललेल्या वाटचालीचं हे सरकारी भाषेतलं उत्तर. आता पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला आहे. खेड्यातून माणसं शहराकडे गेली, घरात मुलं कमी झाली, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात येऊ लागल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरला. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांवर होत्या.

समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आठ पोरांच्या शाळेत खेळायला दोन संघ होत नाहीत. एका गुरुजींनी चार वर्ग शिकवायचे, वर पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा आणि निवडणुकीची कामंही करायची, यात शिकवणं मागे पडतं. मोठ्या शाळेत ग्रंथालय, संगणक, प्रत्येक वर्गाला शिक्षक देता येतो. हे खरंच आहे. पण हा जो हिशेब आहे, तो शाळेच्या बाजूने मांडलेला आहे. पोराच्या बाजूने मांडला तर पहिला प्रश्न निराळा येतो. गाडी येणार का? जुलैत नाल्याला पाणी असताना येणार का? पाच वर्षांनी, अनुदान थकल्यावरही येणार का? आणि ती आली नाही त्या दिवशी घरी कोण राहणार, मुलगा की मुलगी?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शाळा कचेरीपाशी होती, कारण तिची गरज कचेरीला होती. तिला तिथून उठवून गावात, तांड्यावर आणि पोडावर न्यायला चार पिढ्या लागल्या. फुल्यांचं निवेदन, कुणब्यांचा उपकर, यवतमाळकरांची वर्गणी, मंत्र्यांच्या योजना, एकशिक्षकी शाळांतल्या गुरुजींची पायपीट, एवढं सगळं त्या दोन-चार कोसांत जिरलं आहे. एखाद्या पोडावरची शाळा हलवायची की ठेवायची, याचा निर्णय होईल तेव्हा पटसंख्येचा तक्ता टेबलावर असेलच. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावा. पहिलीत जाणाऱ्या सगळ्यात लहान पोरीला पावसाळ्यात किती चालावं लागेल, तो. आणि तो आकडा कचेरीत बसून न लिहिता, त्या पोरीबरोबर एकदा चालून लिहावा.